सुरू होऊन बंद पडणारी करवत

चक्रीवादळ ओसरल्यानंतरच्या पहिल्या सकाळी सर्वांत आधी कोणते साधन लागते, असे विचारले तर बहुतेक लोक होडी, औषधे किंवा अन्नाची पाकिटे यांची नावे घेतील. परंतु ही सामग्री जेथे पोचवायची तेथवरचा रस्ताच उन्मळून पडलेल्या झाडांनी अडविलेला असतो, आणि तो मोकळा करण्याचे काम पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीवाचून आता होत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या अनुभवानंतर ओडिशाने २००१ साली आपत्तीच्या प्रसंगी धावून जाणारे राज्याचे स्वतंत्र दल उभारले. रस्ते मोकळे करणे हे या दलाच्या प्रमुख कामांपैकी एक, आणि साखळी-करवत हे त्याच्या नित्याच्या साहित्यापैकी एक होय. पुढे ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’, २० मे २०२० रोजी पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर ‘अम्फान’ आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२० रोजी, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ अशी वादळे आली. कोलकात्याच्या रस्त्यांवर हजारो वृक्ष आडवे झाले. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवसाचे काम एकच होते : खोडे कापून बाजूला सारणे.

बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्यापूर्वी, एप्रिल ते जून. आणि दुसरा त्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. मधले महिने ही करवत कोठारात पडून असते. हंगाम आला की ती बाहेर काढतात, दोरी ओढतात, यंत्र खोकल्यासारखा आवाज करते, पेट घेते आणि पाच-सात सेकंदांत बंद पडते. पुन्हा दोरी ओढली तरी तोच प्रकार. खांदा भरून येतो, पण खोड जागचे हलत नाही.

मुळीच सुरू न होणारे यंत्र आणि सुरू होऊन बंद पडणारे यंत्र, या दोन निराळ्या तक्रारी आहेत. जे इंजिन एकदा तरी पेटले त्याने निम्मी माहिती स्वतःहून दिलेली असते. त्याच्या सिलिंडरमध्ये पुरेसा दाब निर्माण होतो, प्लगवर ठिणगी पडते आणि थोडे का होईना पेट्रोल आत जाते, हे त्यावरून सिद्ध झाले. आता प्रश्न उरतो तो एवढाच की, यांपैकी कोणती गोष्ट टिकत नाही? बहुतेक वेळा ती पेट्रोलची असते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी यंत्र नेमके केव्हा बंद पडते, याची नोंद घेणे हे या साऱ्या तपासाचे मर्म आहे.

करवतीचे इंजिन

साखळी-करवतीत सामान्यतः दोन-फेरी, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिन असते. बजाजची जुनी स्कूटर किंवा ल्युना ज्यांनी वापरली आहे त्यांना या जातीची ओळख करून देण्याचे कारण नाही. पेट्रोल पंपावर पेट्रोलमध्ये मोजून ऑइल घालून घ्यावे लागे, ते याच इंजिनासाठी. यात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल जाता जाता पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला आणि बेअरिंगांना माखत जाते. तेव्हा पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. करवतीच्या बाबतीत ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही.

पिस्टनच्या खालची बंद पेटीही येथे एक काम करते. पिस्टन वर जातो तेव्हा या पेटीतील दाब घटतो आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये शिरते. इंजिन मंद गतीने, मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांनी, फिरत असेल तर पेटीतील दाब सेकंदाला पंचेचाळीसहून अधिक वेळा खाली-वर होतो. पूर्ण वेगात, मिनिटाला बारा हजारांवर फेरे असताना, दोनशेहून अधिक वेळा. दाबाच्या या ठोक्यांचाच उपयोग करवतीत पेट्रोल उपसण्यासाठी केलेला असतो.

स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी आणि तीत पोकळ तरंगा असतो. पातळी वाढली की तरंगा वर येऊन झडप बंद करतो. रुसलेली स्कूटर एका अंगाला कलती करून मग किक मारणारी पिढी या वाटीतील पेट्रोलच हिंदकळवीत होती. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनाला ही रचना पुरते. करवतीला मात्र उभे झाड पाडताना आडवे व्हावे लागते, फांद्या तोडताना तिरके व्हावे लागते, कधी कधी उलटेही. जर्मनीत आंद्रेआस स्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बनविली. त्या काळातील पेट्रोलच्या करवती उचलायला दोन माणसे लागत. वाटीच्या कार्ब्युरेटरमुळे इंजिन तर उभेच ठेवावे लागे. म्हणून आडवा छेद घेण्यासाठी पुढचे पाते वळविण्याची सोय काही यंत्रांत करावी लागली. एका माणसाच्या हातात हव्या त्या कोनात फिरणारी करवत आली ती पडद्याचा कार्ब्युरेटर रुळल्यावर.

या कार्ब्युरेटरमध्ये वाटी नाही, तरंगाही नाही. त्यांच्या जागी दोन पातळ लवचिक पडदे आहेत. पहिला पडदा पंपाचा. पिस्टनखालच्या पेटीतील दाबाचे ठोके एका बारीक वाटेने त्याच्या पाठीशी येतात, त्यांच्या तालावर तो आतबाहेर हालतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून पुढे ढकलतो. दुसरा पडदा मापाचा. त्याच्या एका बाजूस पेट्रोल असते आणि दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा. इंजिनाने पेट्रोल ओढून घेतले की आतला दाब घटतो, बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते, पडदा एका चिमुकल्या तरफेवर टेकतो, तरफ सुईची झडप उचलते आणि गेले तेवढे पेट्रोल आत येते. हे सारे एखाद्या काडेपेटीच्या आकाराच्या धातूच्या ठोकळ्यात घडते. आतील वाटा केसाएवढ्या बारीक आणि पडदे कागदासारखे पातळ. त्यांतला मापाचा पडदा ताठर झाला किंवा त्या वाटांत कचरा अडकला, तर इंजिन उपाशी राहील हे उघड आहे.

चोक ओढला असताना असे उपाशी इंजिनही चालते, याचे कारण येथेच सापडते. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरचे झाकण. ते लावल्यावर इंजिनाची ओढ पूर्ण जोराने पेट्रोलच्या छिद्रांवर पडते, आणि अर्धवट बुजलेल्या वाटेतूनही थोडे पेट्रोल येते. झाकण उघडले की ओढ कमी होते, पेट्रोल आटते आणि इंजिन थांबते.

शिळे पेट्रोल

इंधन शिळे होते ही गोष्ट मोटार वापरणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही, कारण त्याची टाकी दर आठवड्याला रिकामी होऊन पुन्हा भरते. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मिलाफ आहे. त्यांतील जे हलके, चटकन उडणारे द्रव थंड इंजिनाला पेट घ्यायला मदत करतात, तेच सर्वांत आधी निघून जातात. मागे उरते ते जड आणि मंद. हवेशी संयोग होऊन त्यात डिंकासारखा चिकट पदार्थही तयार होतो. किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या कोठारात, एप्रिल-मेच्या उन्हात, ही क्रिया अधिक वेगाने चालते. करवतीसाठी कालवलेले मिश्रण साधारण एका महिन्यापलीकडे वापरू नये, असा सावध नियम आहे.

भारतात याला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ च्या मध्याला १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. त्या धोरणाच्या गुणदोषांचा विचार येथे करावयाचा नाही. करवतीपुरते त्याचे तीन परिणाम ध्यानात घेतले म्हणजे पुरे. पहिला असा की, इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पुरेसे पाणी मुरले की ते पाण्यासह पेट्रोलपासून विभक्त होऊन तळाशी बसते, आणि टाकीतील नळीचे तोंड असते ते तळाशीच. या तळच्या थरात टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसते, ते वरच्या पेट्रोलबरोबर राहते. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला न पेटणारा आणि वंगण नसलेला द्रव येतो. दुसरा परिणाम असा की, जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलच्या सहवासात कधी फुगतात, तर कधी वाळून कडक होतात. अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल चालणार नाही असे छापलेले असते, त्यामागे हेही एक कारण आहे. तिसरा परिणाम सूक्ष्म आहे. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. दुसऱ्या शब्दांत, तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते. जुन्या पेट्रोलवर नेमके जुळविलेले यंत्र नव्या मिश्रणावर किंचित उपाशी चालते.

म्हणून तपासाची पहिली पायरी कोणतेही स्क्रू फिरविणे ही नव्हे. टाकीतील पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून पंधरा मिनिटे उजेडात ठेवावे. तळाशी निराळा थर दिसला, रंग गढूळ वाटला किंवा नेहमीच्या पेट्रोलच्या उग्र वासाऐवजी जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर ते टाकून द्यावे. टाकून द्यावे म्हणजे गटारात किंवा विहिरीच्या काठी ओतावे असे नाही. गॅरेजात वापरलेले ऑइल गोळा करतात तेथे ते द्यावे. मग ताजे मिश्रण भरून पुन्हा प्रयत्न करावा. चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक ऑइलचे प्रमाण बहुतेक आधुनिक करवतींना १:५० असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. साध्या ऑइलसाठी अनेक निर्माते १:२५, म्हणजे ४० मिलिलिटर सांगतात. पुस्तिकेत असेल ते प्रमाण मानावे. ‘दोन थेंब जास्त’ घालणाऱ्यांची भावना चांगली असते, पण ऑइल वाढले की त्या थेंबातील पेट्रोल घटते आणि प्लगवर काजळी धरते, एवढेच त्यातून साधते.

यंत्र केव्हा बंद पडते?

ताजे पेट्रोल घालूनही तक्रार कायम राहिली, तर मग वेळेचा प्रश्न विचारावा.

थंड यंत्र पूर्ण चोकवर एकदा फटकन आवाज करून थांबत असेल, तर तो मुळी दोषच नव्हे. बहुतेक करवतींची रीतच तशी आहे. पहिला फटका ऐकू आला की चोक अर्ध्यावर आणावयाचा आणि पुन्हा दोरी ओढावयाची. नवशिका तो फटका ओळखत नाही, पूर्ण चोकवर दोरी ओढीत राहतो, आणि सिलिंडर पेट्रोलने भरून प्लग ओला होतो. असे झाले तर प्लग काढून पुसावा, चोक उघडा ठेवून आणि यंत्राची कळ बंद करून प्लगच्या भोकातून पेट्रोल बाहेर पडेपर्यंत काही वेळा दोरी ओढावी, आणि मग पुन्हा आरंभ करावा. मेकॅनिककडे आलेल्या ‘बिघडलेल्या’ करवतींपैकी काही एवढ्यानेच बऱ्या होतात.

चोक उघडताच दोन-चार सेकंदांत यंत्र बंद पडत असेल, तर पेट्रोल पोचत नाही असे समजावे. याची खूण प्लगवर मिळते. बंद पडल्यानंतर लगेच काढलेला प्लग कोरडा असेल, तर तर्क पक्का झाला. ओला असेल, तर पेट्रोल पोचते आहे, पण पेटत नाही. तेव्हा प्लग बदलून पाहावा. दोन टोकांतील अंतर साधारण ०.५ मिलिमीटर हवे. काळी मऊ काजळी दिसली, तर हवा कमी पडते असे समजून हवेची गाळणी पाहावी. पांढरट, भाजल्यासारखे टोक म्हणजे पेट्रोल कमी, उष्णता जास्त. भुऱ्या तपकिरी रंगाचा प्लग हे इंजिनाच्या आरोग्याचे लक्षण आहे.

कोरड्या प्लगचा माग टाकीपासून काढीत यावे. टाकीत नळीच्या टोकाला एक जड गाळणी असते. यंत्र कसेही कलले तरी ती पेट्रोलबरोबर तळाशी जावी यासाठी ती जड केलेली असते. वाकवलेल्या तारेने ती बाहेर काढता येते. ती कडक किंवा काळी झाली असेल, तर धुण्यात वेळ न दवडता बदलावी. तिची किंमत फार नसते. नंतर नळी पाहावी. रबरी नळीला बारीक चीर गेली, तर तिच्यातून पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. नळी बोटांनी वाकवून, ताणून पाहिल्याखेरीज ही चीर सापडत नाही. करवत एका विशिष्ट अंगाला कलती केली की बंद पडत असेल, तर नळीवर किंवा गाळणीच्या जोडावर संशय घ्यावा.

हे सर्व ठीक असेल तर मात्र कार्ब्युरेटर उघडावा लागतो. ज्याला बारीक कामाची सवय आहे त्याने तो स्वच्छ पांढऱ्या कापडावर उघडावा आणि प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमाने मांडून ठेवावा. मापाचा पडदा बोटाने हलकेच दाबून पाहावा. नवा पडदा मऊ असतो, म्हातारा झालेला पडदा पत्र्यासारखा कुरकुरतो. पडदे, पातळ गॅस्केट आणि सुई यांचा तयार संच मिळतो आणि तो एकदम बदलणेच श्रेयस्कर. जोडताना चूक होते ती क्रमाची. बहुतेक कार्ब्युरेटरांत पंपाच्या बाजूस आधी पडदा, मग गॅस्केट; आणि मापाच्या बाजूस याच्या उलट, आधी गॅस्केट, मग पडदा. छिद्रांत तार किंवा टाचणी घालू नये. छिद्र शतांश मिलिमीटरने मोठे झाले तरी माप बिघडते. स्वच्छ द्रावक आणि फुंक पुरते. दाबाची हवा मारावयाची तर पडदे आधी काढलेले असावेत.

यंत्र मंद गतीने नीट चालते, पण वेगाचा खटका दाबताच अडखळून मरते, असाही प्रकार असतो. त्याचे कारण पुष्कळदा पुन्हा पेट्रोलची चणचण हेच असते. मात्र एकदा सायलेन्सरकडेही पाहावे. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडविणारी बारीक जाळी असते आणि ऑइलच्या काजळीने ती बुजते. धूर बाहेर पडला नाही, तर ताजी हवा आत येणार कशी? जाळी काढून तारेच्या ब्रशने घासली की यंत्राचा आवाज लगेच मोकळा होतो. हवेच्या गाळणीचीही तीच कथा. ती कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी. घाईत ओलीच बसवू नये.

याच्या उलट, खटका दाबलेला असेतो यंत्र चालते आणि सोडताच बंद पडते, तेव्हा मंद गतीची जुळणी उतरलेली असते किंवा मंद गतीचे छिद्र बुजलेले असते. पण येथे एका गंभीर दोषाची शक्यता ध्यानात ठेवावी. खटका सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच न उतरता क्षणभर वरच रेंगाळत असेल, किंवा यंत्र कलते करताच वेग आपोआप चढत-उतरत असेल, तर बाहेरची हवा कोठून तरी आत शिरते आहे. कार्ब्युरेटरमागचा रबरी जोड फाटला असेल किंवा क्रँकच्या दांड्यावरचे सील गेले असतील. अशी करवत त्याच क्षणी बाजूला ठेवावी आणि दाब देऊन गळती तपासणाऱ्या मेकॅनिककडे द्यावी. वादळानंतरच्या घाईत हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे; परंतु हवेची गळती असलेले इंजिन उपाशी आणि वंगणावाचून चालते, आणि एक दुपार ते रेटले तर पिस्टन चिकटतो. मग एका सीलऐवजी पिस्टन-सिलिंडरचा खर्च अंगावर येतो आणि हंगामात करवतही हातात राहत नाही.

पाच-दहा मिनिटे उत्तम काम करून नंतर बंद पडणारी करवत सर्वांत अधिक बुचकळ्यात टाकते. बंद पडण्याची ढब येथे पाहावी. धापा टाकीत, हळूहळू मरत असेल, तर टाकीच्या हवेच्या वाटेचा संशय घ्यावा. पेट्रोल जेवढे बाहेर जाते तेवढी हवा टाकीत यावी लागते. ही वाट मातीने किंवा भुशाने बुजली की टाकीत पोकळी निर्माण होते, आणि पंपाच्या त्या नाजूक पडद्याचे बळ तिच्यापुढे चालत नाही. थोड्या वेळाने हवा झिरपून पोकळी भरते, यंत्र पुन्हा सुरू होते, पुन्हा दहा मिनिटांनी थांबते. टाकीचे झाकण सैल केल्यावर हवा आत शिरण्याचा फुस्स आवाज आला आणि लगेच यंत्र नीट चालले, तर दोष सापडला. मात्र तापलेल्या यंत्राचे झाकण उघडू नये. उष्णतेने टाकीत उलट दाबही साचलेला असतो, आणि पेट्रोलचा फवारा तापलेल्या सायलेन्सरवर उडू शकतो. यंत्र सपाट जमिनीवर ठेवून निवू द्यावे, झाकणावर फडके धरून ते हळूहळू फिरवावे.

हीच करवत दिव्याचे बटण दाबावे तशी एकदम बंद पडत असेल आणि अर्धा तास निवल्यावर काही झालेच नाही अशी सुरू होत असेल, तर मात्र पेट्रोलचा पिच्छा सोडावा. उष्णतेने इग्निशन कॉइलच्या आतील तारेचा सांधा सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. बंद पडल्या क्षणी ठिणगी नाही आणि निवल्यावर आहे, एवढे दिसले की कॉइल बदलणे हाच उपाय. ठिणगी पाहताना प्लग त्याच्या भोकापासून दूर, सिलिंडरच्या धातूला टेकवून धरावा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.

स्क्रूंचा मोह

कार्ब्युरेटरवर सामान्यतः तीन स्क्रू असतात. ‘एल’ अक्षराचा मंद गतीच्या पेट्रोलसाठी, ‘एच’ अक्षराचा पूर्ण वेगाच्या पेट्रोलसाठी आणि तिसरा केवळ मंद गतीचा वेग ठरविण्यासाठी. पहिले दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविले की पेट्रोल कमी होते, उलट फिरविले की वाढते. तिसरा त्याच दिशेने फिरविला की वेग वाढतो. काही नव्या यंत्रांत ही जुळणी विजेच्या साहाय्याने आपोआप होते आणि ‘एल’-‘एच’चे स्क्रू नसतातच. जेथे आहेत तेथे ते फिरविण्याचा मोह अनावर असतो, कारण दुसरे काही उघडावे लागत नाही.

बंद पडणाऱ्या यंत्रावर सर्वांत अधिक केला जाणारा इलाज म्हणजे तिसरा स्क्रू आवळून वेग वाढविणे. यंत्र खरोखरच बंद पडायचे थांबते. परंतु करवतीची साखळी इंजिनाला एका क्लचने जोडलेली असते, आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो क्लच आपोआप पकडतो. म्हणजे खटका सोडलेला असतानाही साखळी फिरत राहते. ओल्या, निसरड्या, फांद्यांच्या ढिगावरून माणूस एका जागेवरून दुसरीकडे जात असतो, हातातील करवत ‘मोकळी’ आहे असे त्याला वाटत असते, आणि ती मोकळी नसते. मंद गतीत साखळी स्थिर राहिलीच पाहिजे. ती हालत असेल, तर स्क्रू मागे घ्यावा, मग यंत्र बंद पडले तरी चालेल. बंद पडलेल्या करवतीने कोणाचा पाय कापला जात नाही.

दुसरा लोकप्रिय इलाज अर्धा चोक ठेवून काम करण्याचा. पेट्रोलची वाट बुजली आहे, ही यंत्राने दिलेली कबुलीच आहे. ती ऐकून कार्ब्युरेटर साफ करावयाचा, की ओढून-ताणून दिवस काढावयाचा, एवढाच प्रश्न असतो. ‘एच’चा स्क्रू आवळून आवाज तीक्ष्ण आणि वेग जास्त करण्याची हौसही काही जणांना असते. तो तीक्ष्ण आवाज उपाशी इंजिनाचा असतो. कोणताही स्क्रू फिरविण्यापूर्वी तो हलकेच पूर्ण आवळेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे, म्हणजे निदान होते तेथे परत येता येते. आणि जुळणी करावयाची ती गाळण्या स्वच्छ, पेट्रोल ताजे आणि इंजिन गरम असताना, सर्वांत शेवटी.

कोठारात ठेवताना

हंगाम संपल्यावर टाकी पूर्ण रिकामी करावी आणि यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोलही संपते आणि आत डिंक धरत नाही. या वेळचे बंद पडणे तेवढे हवेहवेसे. हवेची गाळणी आणि सिलिंडरभोवतीची पाती भुशापासून मोकळी करावीत. ज्या दलाला केव्हाही निघावे लागते त्याला यंत्र असे रिकामे करून ठेवणे परवडत नाही. त्याने महिन्यातून एकदा जुने मिश्रण काढून ताजे भरावे, आणि मिश्रणाच्या डब्यावर कालवल्याची तारीख व ऑइलचे प्रमाण खडूने नव्हे, न पुसणाऱ्या शाईने लिहावे.

महिन्याच्या या दिवशी दोरी ओढून यंत्र पेटले, एवढ्यावर समाधान मानू नये. साखळीचा ब्रेक लावून यंत्र जमिनीवर ठेवून सुरू करावे, चोक पूर्ण उघडावा आणि मंद गतीत दोन मिनिटे चालू द्यावे. मग ब्रेक सोडून या गतीत साखळी हालत नाही हे पाहावे. नंतर एखाद्या ओंडक्यावर दहा मिनिटे खरे काम द्यावे. मध्ये खटका सोडून वेग झटकन उतरतो का ते पाहावे, आणि साखळी थांबलेली असताना यंत्र डावीकडे, उजवीकडे, खाली नाक करून कलवावे. जी करवत या वेळात थांबली तिच्यावर चिठ्ठी बांधावी आणि त्या चिठ्ठीवर ‘बंद पडते’ एवढेच न लिहिता, केव्हा बंद पडली, तेही लिहावे.